एकाही ठिपक्याला हात लागलेला नाही

४ फेब्रुवारी

ताईंना घरी बसवलं! आमच्या ताईंना!

सकाळी खाली पेपर आणायला गेले तर त्यांचं दार सताड उघडं. बाई सोफ्यावर बसलेल्या, पायात बूट, मांडीवर पिशवी. हॉस्पिटलात जाऊन परत आल्या होत्या. म्हणाल्या, "गेटवरच्याने आत सोडलं नाही. मला! त्याच्या दोन्ही गुडघ्यांची चित्रं मी काढलीत!"

नणंदेचं आणि माझं सूत कधी जुळलं नाही, हे या वहीला नव्याने सांगायला नको. नवऱ्याची थोरली बहीण, राहायला खालच्याच मजल्यावर, आणि माझ्या प्रत्येक गोष्टीत नाक. आणि नाक तरी केवढं! या घराण्याचं नाक म्हणजे ठसाच आहे — मधे उंचवटा, शेंडा जरासा डावीकडे कललेला. नवऱ्याला आहे, लेकीला आहे (ती रोज आरशासमोर उभी राहून बापाला दोष देते), पण सगळ्यांत ठसठशीत ताईंचं. असो. एक मात्र कबूल — कामात बाई सोनं आहे. एमआरआयच्या खोलीत शिरणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावरचं धातूचं सगळं उतरवतात. पिना, घड्याळ, पट्टा, किल्ल्या. घरीही सवय सुटत नाही. लग्नाच्या दिवशी मला जवळ घेतलं तेव्हा माझ्या डोक्यातल्या पिना चाचपत होत्या!

आणि अशा बाईवर आरोप काय, तर म्हणे पेशंटच्या डोक्याच्या चित्रात तिने गाठ रंगवली. खोटी गाठ! पेशंट म्हणजे बस चालवणारी एक बाई. डोकं दुखतं म्हणून एमआरआय केला, चित्रात गाठ दिसली, तिच्या हातून बस काढून घेतली. बाई खमकी. दुसरीकडे जाऊन पुन्हा एमआरआय करून घेतला — गाठबिठ काही नाही, डोकं एकदम स्वच्छ! आता तिचं म्हणणं, हॉस्पिटलने ऑपरेशनचा नवा विभाग उघडलाय, त्याला गिऱ्हाईक हवं म्हणून चित्रात फेरफार केला. आणि त्या फाईलला शेवटचा हात कोणाचा लागला? मुख्य तंत्रज्ञाचा. म्हणजे ताईंचा.

रंगवली म्हणे! अहो, ताईंना साधं मांजर काढता येत नाही. लेकीच्या वहीत एकदा काढलं होतं, सगळ्यांना ते कपाट वाटलं.

५ फेब्रुवारी

चौकशी समितीच्या अध्यक्षबाईंचा फोन आला. निवृत्त न्यायाधीश, आवाजात इस्त्री. "चित्रं मूळचीच आहेत की त्यांत फेरफार झालाय, एवढंच तुम्ही सांगायचं."

हे तर माझंच काम. जन्म गेला हॉस्पिटलांची यंत्रं आणि त्यांतून निघालेली चित्रं तपासण्यात. पण मी तिथल्या तिथे सांगून टाकलं — ती माझी नणंद आहे, मला यात घेऊ नका. त्या म्हणाल्या, "माहीत आहे. म्हणूनच बसचालकांच्या संघटनेने नेमलेला तज्ज्ञ तुमच्या शेजारी बसेल. जे बघायचं ते दोघांनी मिळून, जे बोलायचं ते सगळ्यांसमोर. आणि तुमचं नातं मला काल कळलं, तुमचा हट्टीपणा फार आधीपासून ठाऊक आहे."

हट्टी! मी! नवरा हसता हसता खुर्चीवरून पडायचा बाकी होता.

संध्याकाळी खाली जाऊन ताईंना सांगितलं. वाटलं होतं, बाई गळ्यात पडेल. छे! म्हणाल्या, "लबाडी झालीच असणार कुणाची तरी. कसून शोध."

"शोधते की. पण नसली तर—"

"असणारच!" केवढ्याने ओरडल्या. हातातला कप टेबलावर ठेवायला गेल्या तो काठाच्या बाहेर. खळ्ळकन फुटला. घाबरल्यात बिचाऱ्या. मी तुकडे गोळा केले आणि एक टोमणासुद्धा मारला नाही.

७ फेब्रुवारी

समितीची पहिली बैठक. लांबडं टेबल, भिंतीवर मोठा स्क्रीन, कुरकुरणाऱ्या खुर्च्या. माझ्या शेजारी संघटनेचा तज्ज्ञ — अंगावर सूट, पायात चकचकीत बूट, तोंडावर ‘मला सगळं माहीत आहे’. मी मनातल्या मनात बारसं करून टाकलं — सूटबूट.

बसचालक बाई दारातच भेटल्या. उंच, धिप्पाड, हात फावड्यासारखे. मला वाटलं रागावतील. त्यांनी पाठीवर अशी थाप मारली की माझा चष्मा नाकावरून खाली आला. म्हणाल्या, "तुमच्या नणंदेवर राग नाही हो माझा. पण माझी बस दुसऱ्याला दिलीय. गिअर कसा खरवडतो मेला! स्टॉपवर उभी राहून ऐकते मी. काळीज तुटतं."

मग काम सुरू. मी सगळ्यांना समजावून सांगितलं. एमआरआय म्हणजे डोक्याच्या पातळ पातळ कापांची चित्रं. आणि प्रत्येक चित्राला यंत्र त्याची कुंडली चिकटवून देतं — कुठल्या यंत्रावर जन्म झाला, किती वाजता, कुठल्या नंबरचा काप, कापाची जाडी किती, पेशंट कसा झोपला होता. कामातले लोक याला हेडर म्हणतात. माणूस खोटं बोलतो, चित्रसुद्धा खोटं बोलू शकतं. पण कुंडलीतल्या शंभर बारीकसारीक गोष्टी एकमेकींशी जुळवून खोटं बोलणं महाकठीण.

सूटबूट लगेच उठून उभा. स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाला, "तपासणी सोळा जानेवारीची. फाईलवर तारीख एकोणीसची. तीन दिवसांत या फाईलचं काय चाललं होतं?"

खोलीत कुजबुज. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या! ही तारीख म्हणजे फाईल सीडीवर उतरवली तो दिवस. मी म्हटलं, "आज तुमच्या घरच्या जुन्या फोटोंची सीडी बनवा, त्यावर आजची तारीख येईल. म्हणून काय तुमची मुंज आज झाली?" कुंडलीतली तारीख वेगळी, ती सोळाच. मग हॉस्पिटलच्या मोठ्या साठ्यातली तीच चित्रं उघडून दाखवली, तिथेही सोळा. अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. सूटबूट बसला.

एक शून्य!

८ फेब्रुवारी

रविवार. ताईंना वर जेवायला बोलावलं. आल्या आणि अर्ध्या ताटावरून उठून गेल्या.

१० फेब्रुवारी

आज मार खाल्ला. सपशेल.

चित्रं काढायच्या प्रत्येक फेरीला यंत्र क्रमाने नंबर देतं. या तपासणीत नंबर एकच्या जागी काही नाही, थेट दोन आहे. सूटबुटाने बरोबर पकडलं. (मीही पकडलं होतं, पण तो आधी बोलला.) यंत्राची नोंद काढली तर तिसरीही फेरी झालेली, आणि एक आणि तीन, दोन्ही पुसलेले. कोणाच्या नावाने? ताईंच्या.

ताईंना आत बोलावलं. ताठ बसून उत्तर दिलं त्यांनी. पहिल्या फेरीत चित्रांवर पट्टे आले होते, डोक्यावर बसवायचा पिंजरा बिघडला होता. इंजिनियर येऊन दुरुस्त करून गेला. बिघडलेली चित्रं पुसली. "आणि तिसरी फेरी?" त्यावर "ती... चुकून." एवढंच. खाली मान.

चुकून! ताईंची चूक! पिना मोजणाऱ्या बाईची!

सूटबूट म्हणाला, "चांगली पुसली आणि रंगवलेली ठेवली." घरी येऊन नवऱ्यावर ओरडले. त्याने निमूट ऐकून घेतलं. बहीण त्याची आहे शेवटी.

११ फेब्रुवारी

ताईंशी कडाक्याचं भांडण.

मी सांगायला गेले होते की धीर सोडू नका. पुसणं वेगळं आणि रंगवणं वेगळं. पुसल्याबद्दल कानउघाडणी होईल, पण जी चित्रं उरलीत ती मूळची आहेत असं मी सिद्ध केलं की खोटेपणाचा डाग जाईल, नोकरी वाचेल. आणि आतापर्यंत तरी सगळं खरं दिसतंय.

तर बाई काय म्हणाली असेल? "नीट बघितलंस का? कुणी बाहेरून घुसलं असेल कॉम्प्युटरमध्ये. हल्ली काय काय करतात लोक. अशी गाठ घालता येते ना चित्रात? येते ना गं?"

"येते. पण घातलेली नाही."

"तुला काय ठाऊक!"

डोकंच फिरलं माझं. म्हटलं, "ताई, अहो तुमचं नाव कोरं निघावं म्हणून मी जिवाचं रान करतेय, आणि तुम्हाला फेरफार झालेलाच हवाय? मग पहिला संशय कोणावर येईल? तुमच्यावरच!"

"येऊ दे," म्हणाल्या. "माझ्यावर आला तर आला."

या बाईपुढे हात टेकले. तणतणत वर आले. येताना त्यांच्या दाराची चौकट मला लागली की मी तिला लागले, कोण जाणे, पण दंड काळानिळा झालाय. ताईंच्याही दंडावर तसाच डाग आहे, अगदी त्याच जागी. चौकटच अरुंद आहे मेली.

१३ फेब्रुवारी

आव्हान दिलं! भर बैठकीत!

सूटबूट म्हणत होता, "आजकाल असं चित्र बनवता येतं की बनवणाऱ्याच्या बापाला ओळखू येणार नाही." मी म्हटलं, "मग बनवा. निरोगी डोक्याची चित्रं घ्या, दीडेकशे काप. त्यातल्या एकात गाठ रंगवा. वाटेल ते सॉफ्टवेअर वापरा, कुंडलीही हवी तशी बदला. सगळं मिसळून आणा. चित्र न उघडता, नुसत्या कुंडल्या वाचून मी तुम्हाला तो काप काढून देईन. इथे, सगळ्यांसमोर. नाही दिला तर माझा अहवाल फाडून टाका."

बसचालक बाईंनी टाळी वाजवली. अध्यक्षबाई म्हणाल्या, "ही समिती आहे, जादूचे प्रयोग नाहीत." मग जरा थांबून, "सोमवारी आणा."

घरी आल्यावर जेवण सोडून जुन्या कुंडल्या चाळत बसले. तोंडाला लगाम म्हणून नाही मला!

१६ फेब्रुवारी

जिंकले! जिंकले! जिंकले!

आधी सगळं लिहून काढते, नाहीतर उद्या फुगवून सांगेन.

सूटबूट गड्याने भलतीच मेहनत घेतली होती. प्रत्येक चित्राला स्वतःचा एक लांबलचक नंबर असतो, चित्र बदलून साठवलं की नवा पडतो — त्याने जुनाच परत घातला होता. सॉफ्टवेअर आपलं नाव कुंडलीत सोडून जातं — ते खोडून यंत्राचं नाव घातलं होतं. वेळ जुळत होती. कापांची जागा जुळत होती. जाडी जुळत होती. मी खाली खाली जातेय, काही सापडत नाही. सूटबूट टेबलावर बोटांनी ठेका धरून बसलेला. एकदा वाटलं, गेलं, अहवाल फाटला.

मग आठवलं. यंत्र कुंडलीच्या एका कोपऱ्यात लिहून ठेवतं — या चित्रातला सगळ्यात उजळ ठिपका एवढा उजळ. तिकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. मी कॉम्प्युटरला सांगितलं, प्रत्येक चित्रातले ठिपके मोज आणि कोपऱ्यातल्या आकड्याशी ताडून बघ. काप जुळत गेले, जुळत गेले... आणि एक अडला! कुंडली म्हणते उजळ ठिपका एवढा, चित्रात त्याहून उजळ ठिपके बसलेत! गाठ जरा जास्तच चमकवली होती साहेबांनी.

"हा," मी म्हटलं. "उघडा."

उघडला. भली मोठी गाठ. झकास रंगवलेली.

खोलीत एकच गलका झाला! मग मी तीच फुटपट्टी ताईंच्या चित्रांना लावली. एकूण एक काप. उजळ ठिपका जुळतो, नंबर जुळतात, वेळा जुळतात. डोक्याबाहेरच्या काळ्या हवेतसुद्धा जी यंत्राची वाळूसारखी बारीक खरखर दिसायला हवी ती सगळीकडे सारखी, कुठे ठिगळ नाही. मी उभी राहून निकाल सांगितला: "एकाही ठिपक्याला हात लागलेला नाही."

सूटबूट उठला. वाटलं, आता काहीतरी खुसपट काढणार. त्याने हात पुढे केला. म्हणाला, "बाई, मला शिकवा हे." मनाने बरा निघाला की! आता त्याला सूटबूट म्हणायला जिवावर येतं, पण दुसरं नाव सुचेपर्यंत चालेल.

ताईंवरचा खोटेपणाचा आरोप रद्द. पुसल्याबद्दल समज देऊन पुन्हा कामावर घ्यायचं ठरलं.

धावत घरी आले. जिने एका दमात चढून — नाही, खालीच थांबले, आधी ताई. दारातूनच ओरडले, "ताई, सुटलात! चित्रं खरी ठरली!"

त्या उभ्या होत्या. म्हणाल्या, "म्हणजे... ती गाठ खरी?"

"शंभर टक्के खरी!"

"रंगवलेली नाही?"

"एकाही ठिपक्याला हात लागलेला नाही, ताई!"

त्यांनी मागे हाताने चाचपून खुर्ची शोधली आणि बसल्या. मग म्हणाल्या, "हुशार आहेस गं." एवढ्या वर्षांत पहिल्यांदा! आणि तेही असं, जसं काही मी कोणाच्या जाण्याची बातमी आणलीय.

मी यांची नोकरी वाचवली आणि यांचा चेहरा बघा! नवऱ्याला म्हटलं, तुझ्या घराण्यात आनंद कसा करायचा ते कोणी शिकवलंच नाही.

१७ फेब्रुवारी

ताईंना कामावर बोलावलं होतं. गेल्या नाहीत. "दोन दिवस पडून राहते," म्हणाल्या.

१९ फेब्रुवारी

कालपासून जीव थाऱ्यावर नाही. आज दुसरी लढाईसुद्धा जिंकले, पण ही वेगळीच.

मेंदूचे डॉक्टर काल समितीपुढे आले होते. शांत माणूस. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "चित्रं खरी आहेत. या बाईंच्या डोक्यात गाठ नाही, हेही खरं आहे. मग ही गाठ कोणाच्या डोक्यात आहे?"

अरे देवा! एवढ्या टाळ्या घेतल्या आणि हे मला सुचलं नाही!

डॉक्टर म्हणाले, गाठ मेंदूच्या आवरणातली, साध्या जातीची. काढली की माणूस ठणठणीत. पण डोळ्याच्या नसेला टेकलीय. कडेचं दिसेनासं होत असणार आताच. उशीर केला तर नजर जाईल. आणि तो माणूस कुठेतरी मजेत फिरतोय, कारण त्याला कोणी काही सांगितलेलंच नाही.

मग मी आणि सूटबूट खांद्याला खांदा लावून बसलो. आज सापडलं! यंत्र प्रत्येक माणसाला आधी चाचपून बघतं, या अंगाला किती जोर लावावा लागेल ते, आणि तो आकडा कुंडलीत टाकतं. अंग मोठं तर जोर जास्त. बसचालक बाई केवढ्या धिप्पाड! आणि या चित्रांतला आकडा? त्याच यंत्रावर त्या आठवड्यात झोपलेल्या इतरांशी ताडून बघितला — एखाद्या काडीसारख्या माणसाचा! पहिल्या फेरीनंतर यंत्राने पिंजऱ्याची दुरुस्ती नोंदवलीय. मग दुसरी फेरी. मग तिसरी.

सूटबूट आणि मी एकमेकांकडे बघितलं आणि एकदमच बोललो: "चाचणी!"

या धंद्यातली जुनी खोड. दुरुस्ती झाली की पेशंटला पुन्हा आत घालण्याआधी खात्री करायची असते. मग कर्मचाऱ्यांपैकी कोणीतरी पटकन आडवं होतं. नियमात बसत नाही, पण सगळीकडे चालतं. नवीन नाव कोण घालतंय, उघड्या असलेल्या पेशंटच्या नावावरच एक फेरी घ्यायची आणि नंतर पुसून टाकायची. एरवी यादीत नवी फेरी वर आणि जुनी खाली. पण दुरुस्तीनंतर यंत्र बंद करून चालू केलं, तेव्हा यादी उलटी लागली! जुनी वर, नवी खाली. ताईंचा हात सवयीने खालच्या फेरीवर गेला. पुसायची होती चाचणी, पुसली गेली बसवाल्या बाईंची खरी तपासणी. आणि चाचणीला झोपलेल्याचं डोकं बाईंच्या नावावर उरलं!

समितीत सांगितलं तेव्हा अध्यक्षबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बसचालक बाईंना बस परत द्यायचा आदेश तिथल्या तिथे. त्या रडल्या. मग हसल्या. मग माझ्या पाठीवर पुन्हा थाप. चष्मा मी आधीच हातात धरला होता.

२० फेब्रुवारी

सकाळी कोपऱ्यावर जोरात हॉर्न. बघते तर बसचालक बाई, आपल्या बसवर, खिडकीतून हात हलवतायत! गिअर लोण्यासारखा पडला. सगळा रस्ता वळून बघत होता, मीही हात हलवला राणीसारखा.

पण चाचणीला कोण झोपलं होतं, ते कोणी सांगेना. सगळ्यांची एकच टेप — मी नाही, मला माहीत नाही. इंजिनियर फोनवर म्हणाला, आठवत नाही. नोकरीची भीती प्रत्येकाला. अरे पण नजर जाईल ना कोणाची तरी!

बारीक अंगाचे कोण कोण, ते मी मोजलं. काउंटरवरची मुलगी. संध्याकाळचा तंत्रज्ञ. ताईंचं नाव मनातसुद्धा आलं नाही. नियमाच्या बाबतीत बाई म्हणजे दगडावरची रेघ. उलट, त्यांनाच विचारायला गेले. पडदे ओढून बसल्या होत्या. म्हटलं, "ताई, त्या दिवशी तुम्ही तिथे होतात. सांगा ना. त्या माणसावर उपकार होतील."

"मी बाहेर होते," म्हणाल्या. भिंतीकडे बघत.

"डॉक्टर म्हणतात, लवकर काढली तर ठणठणीत होईल."

"असं म्हणाले?"

"अगदी असंच."

मग विषय बदलला. लेकीची परीक्षा कधी, विचारलं.

२१ फेब्रुवारी

एक उपाय उरलाय. आज अध्यक्षबाईंची परवानगी घेतली. डोक्याचे काप इतके पातळ असले की एकावर एक रचून त्या माणसाचा चेहरा उभा करता येतो — केस नाहीत, रंग नाही, पण ओळखू येईल इतका. सहसा करत नाहीत, करूही नये. आम्ही ठरवलं, तो फक्त मी बघायचा आणि थेट त्या माणसाकडे जायचं. नाव कोणाला कळणार नाही, नोकरी जाणार नाही.

उद्या सापडतोसच बघ, कोण आहेस तू!

२२ फेब्रुवारी

आधी कपाळ आलं. मग हनुवटी. मग नाक — मधे उंचवटा, शेंडा जरासा डावीकडे.

मी खाली गेले. दार उघडंच होतं. ताईंनी केस मोकळे सोडले होते. पिना, कानातलं, घड्याळ, किल्ल्या, सगळं काढून समोरच्या ताटलीत ठेवलेलं.

"कुठेच काही चुकलं नाही ना गं तुझं?" त्यांनी विचारलं.

"नाही, ताई."

"मग चल. पुन्हा चित्रं काढू," म्हणाल्या आणि हात पुढे केला. "या वेळी माझ्या नावावर."